विहिरीत दोर सोडणारी बाई

संध्या खिल्लारे मूळची डोंगरकड्याची. अर्थशास्त्रात एम.ए. करून १९९३ साली ती हिंगोलीच्या एका कॉलेजात शिकवायला लागली आणि एका साप्ताहिकात सदर लिहू लागली. ती म्हणायची, आपल्या भागाचं खरं भांडवल जमिनीखाली आहे आणि ते कुणी मोजत नाही.

म्हणून दर एप्रिलात ती एसटीनं साखऱ्याला उतरायची, चालत जवळच्या तांड्यावर जायची आणि तिथल्या विहिरीत दगड बांधलेला दोर सोडायची. पहिल्या वर्षी पाणी अठरा हातांवर लागलं. विहिरीशेजारची पारुबाई दोर ओढू लागायची, मग चहा पाजायची.

१९९८ साली पाणी तीस हातांवर गेलं. शिवारात बोअरच्या गाड्या मुक्कामाला होत्या. संध्यानं लिहिलं, असंच चाललं तर सहा वर्षांत ही विहीर कोरडी पडेल.

संपादक किशनरावांनी तिला बोलावून घेतलं. जाहिराती बोअरवाल्यांच्या आहेत, दुसरं काहीतरी लिहा, म्हणाले. ती ऐकेना, तेव्हा सदर बंद झालं. मग एक अनोळखी माणूस रोज कॉलेजच्या फाटकासमोर मोटारसायकल लावून बसू लागला. एकदाच बोलला.

"म्याडम, एकट्याच हिंडून राहिल्या. विहिरी खोल असतात."

संध्यानं हे घरी सांगितलं नाही. पुढच्या एप्रिलात ती पुन्हा गेली. पण आता ती दोर सोडायला लागली की बाया घागरी उचलून मागं सरायच्या. पारुबाईनं चहा विचारणं सोडलं.

२००४ साली दगड खाली खडकावर वाजला. तो आवाज काठावरच्या सगळ्यांनी ऐकला. मग पारुबाई पुढं आली.

"बाई, तुमी लिव्हलं तवापासून पाणी भिऊन खाली गेलं. आता तुमीच बोलवा त्याला वर."

संध्याजवळ अकरा वर्षांचे आकडे होते. तिनं पिशवीतून वही काढली, आणि न उघडताच परत ठेवली. टँकर येईपर्यंत ती तिथंच उन्हात उभी राहिली.

तिचा अंदाज खरा ठरल्यावर एका मोठ्या दैनिकानं तिला लेखमाला दिली. ती गावोगाव निघाली. कनेरगाव नाक्यापलीकडच्या पहिल्याच गावात ती पोचली, तेव्हा बाई येणार म्हणून लोकांनी विहिरीवर पत्रे टाकले होते आणि साखळीला कुलूप लावलं होतं.