‘मला’च्या जागी ‘मले’

काल अकोल्यात आमच्या कॉलेजच्या प्रार्थनागटात कुणीतरी जुनी बाजाची पेटी उघडली. आतून कापराचा वास आला आणि मला अमरावतीचं आमचं लहानसं चर्च आठवलं; तिथल्या पेटीतही कापूर ठेवलेला असे.

तेव्हा मी अकरावीत होते. उपासनेत पुढचा गायकवृंद गायचा आणि मागच्या बाकांवर वलगावकडच्या खेड्यांतून आलेल्या बाया गप्प बसायच्या. त्या रविवारी पास्टरकाका मला म्हणाले, “आज गाणं तू घे. पण मागचे गायले नाहीत, तर पुन्हा गायकवृंदच गाईल.”

मी पेटी वाजवायला बसले. “प्रभू, हात दे मला” एवढीच सोपी ओळ होती. पण घाबरले आणि तोंडून घरचं वऱ्हाडीच निघालं, “प्रभू, हात दे मले!”

गायकवृंदात कुणीतरी फिसकन हसलं. माझी बोटं थांबली. आमच्या घरात कॉलेजपर्यंत कुणी गेलं नव्हतं, म्हणून शुद्ध बोलण्याची मला कायम धास्ती असे.

तेवढ्यात मागच्या बायांमधल्या शांतामावशी ओरडल्या, “काहून थांबली वं पोरी? आता कुठं आमचं गाणं लागलं!”

मी तीच ओळ पुन्हा म्हटली, मुद्दाम ‘मले’च. मागचे सगळे बाक गाऊ लागले. टाळ्या मागेपुढे पडत होत्या, सूर चार दिशांना जात होते, आणि गायकवृंद त्यांना गाठायला धावत होता. ते पहिलं ‘मले’ तेव्हा मला चूक वाटलं होतं. आता वाटतं, मी त्यांना फक्त दार उघडून दिलं.

उपासना संपताना काकांनी विचारलं, “पुढच्या रविवारी गाणं कोण घेईल?”

मागून एकदम उत्तर आलं, “आमी!”