एनेइदोचा आवाज आणि दोन पहारेकरी

माझा भाऊ लेओविहिल्दो, गावाचा लेओ, तसा घाबरट नव्हे. साखर कारखाना बंद पडला, नोकरी गेली, तेव्हाही हा पठ्ठ्या शांतपणे अंगणात टोमॅटो लावत बसला. पण संगणकात व्हायरस शिरला, असं कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, याचे हातपाय गळालेच.

"अरे, त्या डब्याला सर्दी झाली तर तू कशाला अंथरूण धरतोस?" मी विचारायची.

"गप बस, आर्गे. त्या डब्यात एनेइदो आहे."

एनेइदो म्हणजे त्याचा जिवलग मित्र आणि जन्माचा वैरी. दोघं गिटारच्या साथीवर सवाल-जवाब गायचे. एकानं उभ्या उभ्या दहा ओळींचं कवन रचायचं, दुसऱ्यानं तेच त्याच्यावर उलटवायचं. आमच्या क्रूसेस गावात कुठे आख्खं डुक्कर भाजायला घातलं की या दोघांना बोलावणं ठरलेलं. आणि दर वेळी एनेइदोच जिंकायचा. लेओ घरी येऊन माझ्या भांड्यांवर राग काढायचा.

मग एनेइदोला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा पार गेली. कळायचं सगळं, पण तोंडातून "आ... आ" एवढंच यायचं. लोकांनी त्यांचं गाणं कधीमधी टेपवर घेतलेलं होतं. लेओनं घरोघर फिरून, हातापाया पडून ते गोळा केलं आणि संगणकात भरलं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी एनेइदो काठी टेकत यायचा, दोघं यंत्रासमोर बसायचे, आणि एनेइदो स्वतःचा आवाज ऐकायचा.

"त्याला तेवढंच सुख उरलंय," लेओ म्हणायचा. "ते मी मरू देणार नाही."

म्हणून हवा होता अँटीव्हायरस. आता आमच्या घरात इंटरनेट कुठलं असायला! सिनेमे, मालिका, गाणी, सगळं योर्दानिस नावाचा पोरगा दर आठवड्याला एका डिस्कमध्ये भरून दारोदार फिरवतो. आपण हवं ते उतरवून घ्यायचं. अँटीव्हायरसचा ताजा खुराकही त्याच डिस्कमधून यायचा. आणि व्हायरसही तिथूनच, कारण ती डिस्क आधी गावभर उष्टी होऊन आलेली. लावावी तर रोग, न लावावी तर औषध नाही. लेओ दारातच योर्दानिसची वाट अडवायचा.

"आधी कुणाकडे लावलीस?"

"दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे, काका."

"मेलो! तिच्याकडे तर सगळंच किडलेलं!"

"मग जाऊ का परत?"

"थांब रे! जातोस कुठे?"

त्यात कुठला अँटीव्हायरस घ्यायचा यावरून डॉमिनो खेळायच्या अड्ड्यावर दोन तट. एक म्हणे देशी घ्या, आपल्याकडचे व्हायरस त्याच्या ओळखीचे. दुसरा म्हणे परदेशीच, त्यानं जगभरचे चोर पाहिलेत. तिसरा म्हणे परदेशीची किल्ली, म्हणजे परवान्याचा आकडा, चोरीची; ती कधी बंद पडेल सांगता येत नाही. लेओ सकाळी देशीवाला होऊन घराबाहेर पडायचा आणि जेवायला परदेशीवाला होऊन यायचा. ताटातला भात चिवडायचा, मध्येच उठून यंत्रावर हात ठेवून ते तापलंय का बघायचा. त्याच्या येरझाऱ्यांनी माझं डोकं उठायचं.

शेवटी एका शनिवारी त्यानं दोन्ही घातले. "एकापेक्षा दोन पहारेकरी बरे," म्हणाला. मला त्यातलं काही कळत नाही, पण एका दारात दोन कुत्री बांधली तर काय होतं ते कळतं. तसंच झालं. देशी म्हणे परदेशी चोर आहे, परदेशी म्हणे देशी चोर आहे. यंत्राचा पंखा ऊर फुटेस्तोवर घरघरायला लागला. पडद्यावर एकावर एक चौकटी. पुसू का? पुसू का? लेओ घामाघूम होऊन "हो, हो" दाबत सुटला.

रविवारी सकाळी त्यानं एनेइदोच्या नावाचं फोल्डर उघडायला घेतलं. ते जागेवर नव्हतंच.

तो योर्दानिसच्या घरी धावला, तर योर्दानिस डिस्क घेऊन शेजारच्या रांचुएलो गावाला गेलेला. अड्ड्यावर कुणी शहाणा म्हणाला, "सगळं फॉरमॅट करून टाक." लेओ ओरडला, "तुझं डोकं फॉरमॅट कर आधी!" घरी आला, खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. "आर्गे, मी त्याला माझ्या हातानं पुसलं गं," असं म्हणत राहिला. मला त्याच्यावर चिडताही येईना.

आणि दुपारी काठीचा आवाज आलाच.

"आज लाइट नाहीये, गड्या," लेओ म्हणाला.

एनेइदोनं मान वर करून छताकडे पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. मला हसावं की रडावं कळेना. मी कॉफी ठेवायला आत पळाले.

बाहेरून गाणं ऐकू आलं. लेओ गात होता, यंत्राशिवाय, गिटारशिवाय, फाटक्या आवाजात. आधी आपला सवाल म्हटला, मग आठवून आठवून एनेइदोचा जवाब. मध्येच काठी जमिनीवर खाडकन आपटली. ओळ चुकली होती! लेओनं दुसरी म्हटली. पुन्हा खाडकन. "मग तूच सांग ना, हेकटा!" लेओ खेकसला, आणि संतापून एक नवंच कवन रचलं, एनेइदोच्या काठीवर आणि टकलावर. मी कपबशा घेऊन बाहेर आले तर एनेइदो हसत होता. अर्धंच तोंड हलत होतं, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. झटका आल्यापासून त्याला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं.

दिवेलागणीला, एनेइदो अजून बसलेला असतानाच, निरोप मिळून योर्दानिस आला. एक अँटीव्हायरस काढून टाकला, इकडेतिकडे काही दाबलं. "काका, पुसलं नव्हतं. व्हायरसनं फोल्डर लपवून ठेवलं होतं. हे बघा, सगळं आहे."

लेओनं त्याचे मुकेच घेतले. मग गाणं लावलं. जुना, धडधाकट एनेइदो खोलीभर घुमायला लागला. लेओ शेजारी बसलेल्या एनेइदोकडे वळून म्हणाला, "ऐक, ऐक, तू आहेस!"

एनेइदोचं हसू विझलं. तो मान खाली घालून बसला, हात मांडीवर, दर रविवारसारखा. मी तसा बसलेला तो किती वेळा पाहिला होता आणि मला वाटायचं, तल्लीन झालाय. छे! एखाद्याच्या मयताला बसल्यासारखा बसला होता तो. लेओनंही ते तेव्हाच पाहिलं असावं. त्यानं पुढे होऊन स्वतःच बटण बंद केलं.

"तुला हे नको होतं," तो म्हणाला.

एनेइदोनं होकारार्थी मान हलवली.

"मग इतके रविवार इथं येऊन का बसायचास, गाढवा?"

एनेइदोनं चांगला हात उचलला आणि लेओच्या छातीवर बोट टेकवलं.