आईच्या फायलींतली पुसलेली नावं

आई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाली आणि श्रीगोंद्याकडच्या वस्त्यांवर एसटीने फिरू लागली. मोठ्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या म्हाताऱ्या काय सांगतात ते वहीत उतरवायचं, केडगावला घरी येऊन टाइप करायचं. एका बाईची एक फाइल. अशा एकशे बारा झाल्या.

यंदा नगरच्या एका ग्रंथालयाने त्या मागितल्या. प्रत्येक फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये शीर्षक, लेखक, विषय भरून हवं होतं. पानावर न दिसणारी ही माहिती हातानं कोण भरणार? मी दहा-बारा ओळींचा कोड लिहिला. लेखकाच्या जागी आईचं नाव घातलं आणि सगळ्या फायली जुन्यांवरच सेव्ह केल्या. अर्ध्या मिनिटात काम झालं.

जेवताना आईला कौतुकानं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"आणि बायकांची नावं?"

"कसली नावं?"

"तूच म्हणाली होतीस ना, ज्याचं सांगणं त्याचं नाव लेखकाच्या रकान्यात टाक म्हणून. सगळ्यांची तिथंच होती, आत मजकुरात कुठं नाहीत."

मी साफ विसरले होते. दुसरी प्रत नव्हती. वह्या आईने टाइप झाल्यावर रद्दीत घातल्या होत्या. फायली परत मिळवायचे जेवढे उपाय माहीत होते तेवढे केले, मग गॅलरीत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवसापासून मी एकेक फाइल मोठ्याने वाचायची आणि आईने डोळे मिटून ऐकायचं. काही नावं पटकन आली. काहींचं घर आठवायचं, दारातली शेळी आठवायची, नाव नाही. "थांब, येतंय," म्हणायची आणि कपाळावर मूठ आपटायची. मी तिचा हात धरायची.

आम्ही वस्त्यांवरही गेलो. बऱ्याच जणी आता नव्हत्या. एक भेटली. मी चूक सांगितली तशी ती हसली.

"माजं नाव पुसलं व्हय? मंग परत लिव्ह की, पोरी. मी हाय अजून."

तेवीस फायलींना नाव मिळालंच नाही. तिथून आधी आईचं नाव काढलं. ग्रंथालयातले म्हणाले, "रिकामं चालत नाही. अज्ञात लिहा."

"अज्ञात कशा?" आई भडकली. "मी त्यांच्या चुलीपाशी बसून जेवलेय."

बाकीच्या फायली आम्ही दिल्या. त्या तेवीस घरीच आहेत. आई अजून अधूनमधून एखादी वाचायला लावते.