हिरवा ठिपका

भाचा सुट्टीत आला की दुपारी लॅपटॉपवर पोकर खेळतो. एकाच वेळी सहा टेबलांवर, पगारी नोकरीसारखा. काल मी त्याच्या मागे उभा होतो. काही खेळाडूंच्या नावांपुढे हिरवा ठिपका दिसला.

"हे काय रे?"

"कच्चे खेळाडू, मामा. हातात काही नसलं तरी डाव सोडत नाहीत. मी खूण करून ठेवतो. असा कुणी बसला की आम्ही सगळे मुरलेले त्याचे पैसे जिंकायला तिकडेच धावतो."

"आणि ते हरून निघून गेले की?"

"मग खेळ चालवणारी कंपनी आमच्या नावानं बोंबलते. पण आम्ही नसलो तर तिची टेबलं भरणार कोण?" तो हसला.

मी खिडकीशी गेलो, परत आलो. माझी बायको गेली त्याआधीचं वर्षभर अंथरुणात पडून तीही फोनवर हाच खेळ खेळायची. पानं कशीही येवोत, डाव सोडायची नाही. "अहो, बघा," म्हणायची, "मी बसले की लगेच टेबल भरतं. लोकांना मी आवडते." घरी तेव्हा फारसं कुणी येत नसे.

ती गर्दी कशासाठी होती, ते मला काल कळलं. तिला ते कधीच कळलं नसावं, असं स्वतःला सांगत मी कालपासून घरभर फिरतो आहे.