शिवेपर्यंतची आत्या

आमच्या आत्याला कुणाला पोचवायला म्हणून पाठवू नये, असा घरात अलिखित कायदा होता. पाहुण्याला गावाच्या शिवेपर्यंत पोचवून परतावं, ही देऊळघाटची रीत. पण आत्याचं म्हणणं असं, की एका गावाची शीव संपते तिथंच दुसऱ्याची सुरू होते, मग परतायचं नेमकं कुठून? इतर पाहुण्यांच्या वेळी हा प्रश्न तिला पडत नसे. दिवाळीनंतर मेंढरं आली, की पडे.

धनगरांचे कळप दरसाल आमच्या गावावरून निघून राजूर घाट उतरत, पूर्णा ओलांडत आणि सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोदकडे जात. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, मागं कुत्री. घंटा वाजल्या, की आत्या कणिक तशीच टाकून पायात वहाणा सरकवी. "शिवेपर्यंत जाऊन येतो," एवढं सांगून गेलेली ही बाई तीन-चार दिवसांनी यष्टीनं परते, केसांत कुसळं आणि चेहरा माहेरून आल्यासारखा. वर आम्हालाच सांगे, "यष्टीत बसलं का नुसतं गाव येते. मेंढरामांगं चाललं का रस्ता येते!"

तात्या, म्हणजे तिचे यजमान, आल्या आल्या तोफ डागत. "तुले लाज नाई वाटत?"

"वाटते ना. अर्ध्यातून वापस याची."

पुढं त्यांच्या शकूला पाहायला जामोदची मंडळी यायची ठरली, आणि नेमकी त्याच सकाळी मेंढरं आली. तात्यांनी दारातच बजावलं, "हे सोयरीक मोडली, तर मेंढरामांगं जाणं बंद. कायमचं!" आत्यानं चक्क शकूची शपथ घेतली, "शिवेवरूनच पलटतो." पलटली नाही, हे सांगायला नको.

राजूर घाट चढणारी यष्टी मेंढरांत अडकली. वळणांनी जीव घाबरा झालेली एक जाडजूड बाई उतरून दगडावर बसली. आत्यानं तिला पाणी पाजलं, चिंच चोखायला दिली आणि नुकतंच जन्मलेलं कोकरू तिच्या मांडीवर ठेवलं. बाई मळमळ विसरून खुदुखुदू हसू लागली.

"कुठी चाल्ल्या, बाई?" आत्यानं विचारलं.

"देऊळघाटले. पोरासाठी पोरगी पाह्याले."

आत्याचं धाबं दणाणलं. ती निमूट त्याच यष्टीत मागच्या बाकावर जाऊन बसली, गावात उतरताच बोळातून धावत मागच्या दारानं घरात शिरली आणि पदर हनुवटीपर्यंत ओढून पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. मेंढरांचा वास मात्र पदराखाली मावेना. मुलाच्या आईनं एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं.

"पोरगी मंग पाहू," ती म्हणाली. "पयले सांगा, थे कोकरू कोणापाशी ठेवलं?"

तात्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सोयरीक जमली, आणि पुढच्या सालापासून मेंढरांमागं दोन विहिणी चालू लागल्या!

मग आत्याचे गुडघे गेले. त्या वर्षी घंटा ऐकून ती कशीबशी ओट्यावर येऊन बसली आणि हमसून हमसून रडू लागली. कळपातली म्हातारी धनगरीण तिला भेटायला आली होती. तिनं पाहिलं, तशीच मागं वळली, आणि थोड्याच वेळात अख्खा कळप आमच्या अरुंद गल्लीत शिरला. तुरीच्या शेंगा, मिरच्या, तात्यांचं वाळत घातलेलं धोतर, सगळं तुडवत मेंढरं ओट्याला अंग घासत चालली. तात्या ओरडायला म्हणून उठले, आणि ओरडलेच नाहीत. आत्याच्या काखेत हात घालून त्यांनी तिला उभं केलं. "पाह्य, थे कायं कोकरू पाह्य," एका काळ्या कोकराकडे मानेनं खुणावत ते म्हणत होते. आत्या रडता रडता हसत होती. मला तात्या इतके कधीच आवडले नव्हते.

पुढच्या दिवाळीला ती नव्हती. कळप आला तो गल्लीतूनच. गावाबाहेरची मोकळी वाट सोडून मेंढरं अजूनही आमच्या दारावरून जातात. वाळवणं तुडवली जातात, बायका डोक्याला हात लावतात, पण 'दुसरीकडून न्या' असं आजवर कुणीही म्हटलेलं नाही.