पट्टीवाली आत्या आणि ओढ्याची नोंद

माझी आत्या सत्तावीस वर्षं एका ओढ्याचं पाणी मोजत होती. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला ती पुलाखाली उतरायची, खांबाला ठोकलेली पांढरी मोजपट्टी बघायची आणि पाण्याची पातळी वहीत लिहायची. गावात तिला सगळे पट्टीवाली म्हणायचे. कुणी फुशारकी मारायला लागला की शेजारचा त्याला म्हणायचा, "मापात बोल, पट्टीवालीच्या दारात उभा आहेस."

नोकरी मिळाली ती तिचं घर पुलाला लागून होतं म्हणून. जलमोजणी कार्यालयाला हाकेच्या अंतरावर राहणारं, लिहिता-वाचता येणारं कुणीतरी हवं होतं. परीक्षा घ्यायला आलेले साहेब काठावरूनच म्हणाले, "बेचाळीस दिसतंय. बरोबर?"

आत्या पाण्याजवळ जाऊन उकिडवी बसली. "एकोणचाळीस. पाणी पट्टीवर आपटून पुढच्या बाजूला वर चढतंय, साहेब. बाजूनं बघायचं, तिथं ते शांत असतं."

साहेब खाली उतरले, त्यांनी बूट भिजवून घेतले, वाकून बघितलं आणि त्याच दिवशी तिला वही दिली. वहीचे नियम थोडे होते. पेन्सिलनेच लिहायचं, कारण ओलाव्याने शाई पसरते. आकडा चुकला तर खोडरबर लावायचा नाही, त्यावर एकच आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. हे नियम पुढे तिच्या अंगात इतके मुरले की घरात कुणी "खूप गर्दी होती" म्हणालं तरी ती विचारायची, "खूप म्हणजे किती माणसं?"

ती निवृत्त झाली तेव्हा पुलावर एक यंत्र बसलं. ते आपलं आपण पातळी मोजतं आणि कार्यालयाला कळवतं. आत्याला त्याचा राग नव्हता. "बरं आहे की," ती म्हणाली, "त्याला ताप येत नाही."

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढून कंटाळा आला की सुट्टीच्या दिवशी इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात लिहिते. तिथे कुणीही लिहू शकतं आणि कुणीही ते तपासू शकतं. आत्याच्या निवृत्तीनंतर मला वाटलं, तिच्या ओढ्यावर एक नोंद हवी. मी बसले आणि एका बैठकीत तीन पानं लिहून टाकली. त्यात ओढा खळाळता होता, बारमाही होता, पंचक्रोशीची जीवनवाहिनी होता. आत्याला दाखवायचं मनात होतं, पण आधी वर चढवलं.

चौथ्या दिवशी नोंदीच्या डोक्यावर लाल चौकट आली. 'हा लेख वगळावा असा प्रस्ताव आहे. चर्चा सात दिवस खुली राहील.' प्रस्ताव मांडणारा 'कोरा कागद' या टोपणनावाने लिहीत होता. त्याचं म्हणणं असं: देशात असे हजारो ओढे आहेत, या ओढ्याबद्दल कुणी स्वतंत्रपणे लिहून छापलेलं काही दिसत नाही, लेखात माहितीपेक्षा माया जास्त आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या बसने मी आत्याकडे पोचले. ती ओट्यावर शेंगा निवडत बसली होती.

"आधी वाचून दाखव," ती म्हणाली.

मी वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीला तिचा हात थांबला.

"बारमाही कुणी लिहिलं?"

"मीच."

"तो आटला होता. अकरा दिवस. तू दुसरीत होतीस."

"अगं, सत्तावीस वर्षांत अकरा दिवस. तेवढं कोण बघतं?"

"मी बघत होते." तिने शेंगांचं ताट बाजूला सारलं. "आणि खळाळता काय? डिसेंबरनंतर त्याचा आवाज पुलावरही येत नाही. हे बघ, त्या माणसाचं बरोबर आहे."

मी तिच्या बाजूने भांडायला आले होते आणि ती पलीकडे जाऊन बसली होती. मी शेवटचा डाव टाकला. "मग तूच आधार. सत्तावीस वर्षं पाणी मोजणाऱ्या बाईंनी सांगितलं, असं लिहिते."

"मी सांगितलेलं चालत नाही, असंच तर तो म्हणतोय. मलाही चालत नाही. उद्या कुणीही उठेल आणि आपल्या आत्याचं नाव सांगेल." तिने शेंगांचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. "त्याच्यावर चिडू नकोस. माझं उभं आयुष्य पाण्यात बघण्यात गेलं, पण मी कुणाला पाण्यात पाहिलं नाही. त्याला छापलेलं हवंय ना? वर्षाच्या शेवटी माझ्या वह्या कार्यालयात जायच्या. साहेब म्हणायचे, त्याचं पुस्तक निघतं. मी कधी बघितलं नाही. उद्या जाऊ."

मी रजा टाकली. जलमोजणी कार्यालयाची अभिलेख खोली तळमजल्यावर, जिन्याच्या मागे होती. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांत फितीने बांधलेले गठ्ठे, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि दाराशी टेबल टाकून बसलेले अभिलेखपाल. आत्याने ओढ्याचं नाव सांगितलं, तर त्यांनी मानही वर केली नाही.

"तो नाला? त्याचं वेगळं काही नसणार."

"स्थानक एकशे चौदा," आत्या म्हणाली.

अभिलेखपालांनी चष्मा वर सरकवला. "एकशे चौदा? मग असं सांगा ना. ते तर लोक येऊन उतरवून घेतात. कॉलेजवाले येतात, पूल बांधणारे येतात." ते उठले, शिडी सरकवली आणि निळ्या कापडी बांधणीचे खंड एकेक करून खाली द्यायला लागले.

आत्याने पहिला खंड उघडला. पानभर बारीक आकडे, महिन्यांचे रकाने, वर ठळक 'स्थानक ११४'. तिने बोट ठेवलं आणि ओळीमागून ओळ खाली नेत गेली. काही आकड्यांना तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटायची. एका पानावर अकरा शून्यं एकाखाली एक होती. ते पान तिने माझ्यासमोर धरलं.

तिसऱ्या खंडात सलग चार दिवस आकड्याच्या जागी आडवी रेघ होती.

"हे काय?" मी विचारलं.

"मला ताप होता. उठता येत नव्हतं. महिनाअखेरीला तेव्हाचे साहेब घरी आले. म्हणाले, मागचापुढचा आकडा बघून मधले चार भरून टाका, तक्ता रिकामा दिसतो. मी म्हटलं, मी बघितलं नाही, तर लिहू कशी? त्यांनी कारणे दाखवा नोटीस काढली."

"तू काय उत्तर दिलंस?"

"चार दिवस आजारी होते. ओढ्याला पाणी असणार, पण मी पाहिलेलं नाही. एवढंच. पुढे दोन वर्षं ते माझ्याशी धड बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांनी वर पाठवताना भरून टाकलं असेल. नाही भरलं."

अभिलेखपाल ऐकत उभे होते. "वाचन घेणाऱ्या त्या बाई तुम्हीच?" त्यांनी विचारलं. आत्याने मान हलवली. ते आतल्या मांडणीकडे गेले आणि एक पातळ पुस्तिका घेऊन आले. "मग हे तुम्ही वाचलंच पाहिजे."

लहान ओढ्यांवरच्या पुलांची उंची कशी ठरवावी, यावर एका प्राध्यापकाने लिहिलेला तो निबंध होता. त्याने चाळीस स्थानकांचे तक्ते तपासले होते. मी मोठ्याने वाचलं: 'बहुतेक स्थानकांच्या तक्त्यांत एकही दिवस रिकामा नाही, हीच शंकेची बाब आहे. स्थानक ११४ मध्ये नऊ दिवस कोरे सोडले आहेत. म्हणून उरलेले आकडे प्रत्यक्ष पाहून लिहिले आहेत असे आम्ही मानतो आणि पुढील सर्व हिशेब याच ओढ्यावर आधारतो.' त्यापुढची वीस पानं त्याच ओढ्यावर होती.

मी ती ओळ पुन्हा वाचायला गेले. आत्याने मात्र पुस्तिका हातातून घेतली.

"नऊ नाहीत," ती म्हणाली. "दहा असतील."

आम्ही सगळे खंड पुन्हा चाळले. तापाचे चार. पट्टी पुरात वाहून गेली तेव्हाचे पाच.

"नऊच," तिने कबूल केलं. "तुझ्या आईवडिलांच्या लग्नाचा दिवस मी धरत होते. पण त्या दिवशीही दोन्ही वेळा उतरले होते. संध्याकाळी तर नव्या कपड्यांत." प्राध्यापक बरोबर निघाल्याचं तिला मनापासून बरं वाटलं.

घरी येऊन मी चर्चेत लिहायला बसले. मला चार खणखणीत वाक्यं सुनावायची होती. आत्याने ती लिहू दिली नाहीत. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. 'हा ओढा मोठा नाही. तो विशेष सुंदर आहे असं आमचं म्हणणं नाही. त्याच्या पाण्याचे सत्तावीस वर्षांचे तक्ते छापलेले आहेत. त्यांवर एका स्वतंत्र अभ्यासकाने वीस पानं लिहिली आहेत. खंड आणि पानांचे क्रमांक खाली दिले आहेत. आधीच्या लेखातला बारमाही हा शब्द चुकीचा होता.'

एकाने खाली लिहिलं, असं म्हटलं तर प्रत्येक ओढ्याला नोंद द्यावी लागेल. आत्या म्हणाली, "लिही, प्रत्येकाला देऊ नका. ज्याच्याबद्दल कुणी अभ्यास करून छापलंय, त्याला द्या."

चर्चेच्या पाचव्या दिवशी कोऱ्या कागदाचं उत्तर आलं. त्याने पुस्तिका कुठूनतरी मिळवून वाचली होती. तो प्रस्ताव मागे घेत होता. जाता जाता त्याने आणखी एक चूक दाखवली: मी लांबी चौदा किलोमीटर लिहिली होती, निबंधात तेरा पूर्णांक दोन होती.

"माणूस कामाचा आहे," आत्या म्हणाली. तिच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

तीन पानांची नोंद शेवटी नऊ ओळींवर आली. तिच्यात आत्याचं नाव नाही, कारण निबंधात ते नव्हतं. मला ते लागलं. मी तसं म्हणालेही. ती म्हणाली, "नोंद ओढ्याची आहे. माझं मी बघितलं ना त्या पुस्तकात, पानंच्या पानं."

तेव्हापासून तिला ज्ञानकोशाचा नाद लागला. दर आठवड्याला माझ्याकडून ती वगळायच्या प्रस्तावांची यादी वाचून घेते आणि एकेकावर मत देते. मागच्या महिन्यात यादीत तिच्या माहेरच्या ओढ्याची नोंद निघाली. लिहिली होती माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने. तिच्या यशाने त्यांनाही जोर आला होता. बालपणी दोघं त्याच ओढ्यात पोहायला शिकली होती. आत्याने सगळी नोंद ऐकली, आधार विचारले. एकही नव्हता.

"वगळावा," ती म्हणाली. "आणि खाली लिही, आधी कुणीतरी मोजायला हवा."

मी लिहिलं. बाबा तिच्याशी दोन आठवडे बोलले नाहीत.