गच्चीवरून पाहिलेली गोटमार

यंदा पोळ्याला नागपुरात थांबायचंच नाही, हे मी पक्कं केलं होतं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, गल्लीतली लेकरं लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागत फिरतात. दरवर्षी तेच बघून कंटाळा आला होता. त्यात विलासचा फोन आला. विलास माझा आयटीआयपासूनचा दोस्त, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे. "अबे प्रशांत, दरसाल येतो येतो म्हणते अन् येत नाही. औंदा गोटमार पाह्यले ये," म्हणाला, आणि मी बाइकची सर्व्हिसिंग करून आणली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि नदीपलीकडचं सावरगाव एकमेकांना दगड मारतात. दिवसभर. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. पांढुर्णेकरांनी ते झाड तोडून आणायचं, सावरगावकरांनी आणू द्यायचं नाही. म्हणतात की फार पूर्वी इकडच्या पोरानं तिकडची पोरगी पळवली आणि दोघं नदीत असतानाच दोन्ही काठांवरून दगड आले. खरंखोटं कोण जाणे, पण डोकी खरी फुटतात, डोळे खरे जातात, माणसं मेलीसुद्धा आहेत. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी मोबाइल फुल चार्ज करून निघालो, कारण मला ते बघायचंच होतं.

सावनेरपर्यंत रस्ता झकास आहे. तिथं तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढं तशी तर्री मिळत नाही. सावनेरहून सरळ पांढुर्ण्याला जाता येतं, पण मी बोरगाव-सौसरचा फेरा घेतला, जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घ्यायचं म्हणून. हा मारुती झोपलेला आहे. आजारी माणसांना घेऊन घरचे लोक तिथं दिवसच्या दिवस मुक्काम करतात. मंडपात एक बाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी नारळ फोडला, दोन फोटो काढले आणि निघालो. सौसरपुढं दोन्ही बाजूंना कपाशी आणि संत्र्याच्या बागा, संत्री अजून हिरवीगार. गावागावांत बैल सजलेले, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. ज्यांना बाइक नको त्यांनी नागपूर-इटारसी लाइनवरची गाडी पकडावी. मात्र डुलकी घेऊ नका, पांढुर्णा चुकलं तर लहान गाड्या पुढं तिगावला थांबतात. पोळ्याच्या आसपास लॉज मिळणं कठीण, ओळखीचं घर असेल तर उत्तम.

माझ्याकडे ते होतं. विलासच्या बायकोनं, सुनंदा वहिनींनी, पुरणपोळी आणि कढी-वडे असे काही वाढले की बाप्पा! वहिनींचं माहेर सावरगाव. म्हणजे पूल ओलांडला की माहेर. एरवी त्या भाजी आणायला निघाल्यासारख्या जाऊन येतात, पण पोळ्याचे दोन दिवस नाही.

"त्या दिवशी माहेर बंद असते का?" मी गमतीनं विचारलं.

"बंद नसते भाऊजी. मीच नाई जात," त्या म्हणाल्या आणि वडे तळायला वळल्या.

जेवल्यावर ओट्यावर बसून मी विलासला छेडलं, "काय बे, चाळिशी आली, आता तरी सोड. दगड काय मारता लेकहो?"

तो हसला नाही. "तुमच्या नागपुरात मॉल हाय, फुटाळा तलाव हाय. इथं का हाय? टॉकीज होती, बंद पडली. ग्राउंडवर बाजार भरते. जिनिंग ते घर, घर ते जिनिंग. मशीनपाशी मी मेलो तरी दुसऱ्या पाळीलेच समजीन. पण उद्या मी नदीत उतरलो का सारं गाव माह्यं नाव घेते."

"मागं सरकारनं दगडांऐवजी रबरी चेंडू दिले होते म्हणे?"

"चेंडूनं का होते!" तो म्हणाला.

सकाळी वहिनींनी नवा शर्ट त्याच्यापुढं धरला. पोपटी. असा भडक की डोळे मिटावे.

"अवं, पोपट करतं का माह्यावाला?" विलास करवादला. "एवढ्या भडक रंगाचं काहून घेतलं?"

"दुरून ओळखू येते. घाला मुकाट्यानं. मी शिवला हाय."

"वहिनी, तुम्ही तर गोटमार बघायला येत नाही म्हणता. मग दुरून ओळखणार कोण?" मी म्हणालो.

"ज्यानं ओळखायचं तो ओळखते," त्या म्हणाल्या. विलासनं कुरकुरत शर्ट घातला, देवापुढं हात जोडले आणि गेला. वहिनी दारापर्यंतसुद्धा आल्या नाहीत.

नदीकाठच्या एका तीन मजली घराच्या गच्चीवर विलासनं माझी सोय करून ठेवली होती. वर लग्नघरासारखी गर्दी. खुर्च्या, चिवड्याची परात, चहाचा थर्मास, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. खाली काठावर पोलीस, डॉक्टरांचा मांडव, अँब्युलन्स. नदीत गढूळ पाणी आणि मधोमध पळसाचं झाड. पहिल्या माणसाच्या कपाळातून रक्त आलं तेव्हा मी तोंड फिरवलं. पण डोळा सरावतो हो! तासाभरानं मी चिवडा खात होतो, आणि कोणाचा दगड कुठवर गेला यावर शेजारच्या काकांशी वाद घालत होतो.

गच्चीवरून एवढ्या गर्दीत कोण कोण आहे ते कळत नाही. सगळे मळकट, चिखलात माखलेले. म्हणून पलीकडच्या काठावर पोपटी शर्ट दिसला तेव्हा सगळ्यांचीच नजर तिथं गेली.

"अरे, विलासभाऊ तिकडं कसा गेला?" कोणीतरी ओरडलं. विलास तर आमच्याच काठावर होता, खाली दिसतच होता. "दोन पोपट!" दुसरा म्हणाला, आणि गच्ची हसली. मीही हसलो.

मग एकानं सूर लावला, "पोपटीले मार! पोपटीले मार!" शेजारच्या गच्चीनं तो उचलला. पोरी, म्हातारे, टाळ्या वाजवणारी लेकरं. आणि मी. व्हिडिओ चालू असलेला मोबाइल कठड्याला टेकवून मीसुद्धा दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडलो, "मार! पोपटीले मार!" खालच्या लोकांनी वर पाहिलं, मग पलीकडं पाहिलं. आता त्यांना नेम धरायला काहीतरी होतं. दगड तिकडंच वळले.

खाली विलास एकदम पाण्यात घुसला. दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होता. आम्हाला वाटलं, झेंड्यावर चालून गेला. "विलास! विलास!" गच्ची नाचायला लागली. तेवढ्यात पलीकडचा पोपटी शर्ट दोन्ही हातांनी तोंड धरून खाली बसला आणि आडवा झाला. जी आरोळी उठली, त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा असेल. मला मजा आली होती. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण आली होती.

थोड्या वेळानं भूक लागली म्हणून मी घरी गेलो. वहिनी गॅसपाशी तळत होत्या. मी उत्साहात सांगायला सुरुवात केली, "वहिनी, तुमच्या विलासनं आज कमाल केली! नदीत घुसला. आणि गंमत सांगू का, तिकडं पण एक पोपटी शर्टवाला होता. हुबेहूब तसाच. त्याला असा बसला..."

वहिनींनी झारा खाली ठेवला.

"कुठं लागला?"

"तोंडावर. म्हणजे, दुरून..."

"डोळ्याले का?"

त्यांनी गॅस बंद केला, पदर कमरेला खोचला आणि अनवाणी निघाल्या. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला.

तो गजू होता, वहिनींचा धाकटा भाऊ. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि ताबडतोब नागपूरला न्या म्हणाले. अँब्युलन्समध्ये वहिनी भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मागून माझ्या बाइकवर मी आणि विलास, विलासच्या अंगात तोच ओला पोपटी शर्ट. सावनेरच्या टोलपाशी बाइक हळू झाली तेव्हा तो माझ्या कानाशी म्हणाला, "मी हात करून राहिलो होतो बे. मारू नका म्हणून. कोणाले ऐकूच आलं नाही."

ऐकू कसं येणार? वर आम्ही होतो ना.

नागपूरच्या दवाखान्यात रात्र गेली. गजूचा डोळा काढावा लागला. नर्सनं गजूचा कापून काढलेला शर्ट पिशवीत घालून विलासच्या हातात दिला, आणि त्याच्या अंगातला शर्ट बघून क्षणभर थबकली. गोटमारीत कोणाचा दगड लागला हे विचारायची रीत नाही, तक्रारही कोणी करत नाही. तिथंही कोणी विचारलं नाही.

सकाळी मी वहिनींसाठी चहा नेला. त्या बाकावर बसल्या होत्या.

"दोघंबी दरसाल जात," त्या माझ्याकडं न पाहता म्हणाल्या. "हा इकडून, तो तिकडून. जाऊ नका म्हटलं तं हासत. मंग मले वाटलं, निदान एकमेकाले तं सोडतील. एकाच ताग्यातलं कापड घेतलं, दोघाले शिवलं. याले तो दिसला भाऊजी. माह्या मनासारखंच झालं. पण बाकीच्यायलेबी दिसला."

"वहिनी, मीसुद्धा ओरडलो होतो," मी कसंबसं म्हणालो.

"सगळेच ओरडतात," त्या म्हणाल्या, आणि चहा घेतला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता घरी येऊन बरेच दिवस झालेत. तुमच्यापैकी अनेक जण विचारतात, पुढच्या वर्षी जायचं का, गच्ची मिळेल का. रस्ता सांगितला, गाडी सांगितली, खाणं सांगितलं. बाकी तुमचं तुम्ही ठरवा. मला एवढंच कळलंय की सुट्टी, करमणूक, मोकळा वेळ असे गोड शब्द आपण वापरतो, पण एकाची करमणूक दुसऱ्याच्या अंगावर कधी जाऊन पडते ते गच्चीवरून कळत नाही. विलासला वर्षातून एकदा कोणीतरी आपल्याकडं बघायला हवं असतं. आणि बघायला माझ्यासारखे येतात, चिवडा खात. आम्ही आलो नसतो तर? कोण जाणे. मी तरी तो व्हिडिओ पुसून टाकला. माझाच आवाज ऐकवेना.

परवा विलासचा फोन आला. गजू बरा आहे, संत्र्याच्या बागेत कामाला जातो. "म्हणून राहिला का एका डोळ्यानं नेम चांगला बसते," विलास म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. म्हणजे पुढच्या वर्षी गजू जाणार. आणि गजू जाणार म्हणजे विलासही जाणार.

मग वहिनींनी फोन घेतला. तब्येत विचारली, घरच्यांचं विचारलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगा. तुमी वर होते ना. पुढच्या पोळ्याले कापड घ्याचं हाय. वरून कोणता रंग दिसत नाही?"

फोन कानाला लावून मी एकेक रंग आठवू लागलो. पांढरा आठवला, खाकी आठवला, मातीचा आठवला. वरून आम्हाला सगळंच दिसत होतं.